तुरटीचा दुसरा खडा

सावद्याला, स्टेशन रोडवर, आमच्या दुकानात
तुरटीचे दोन खडे असायचे.
एक आरशाखाली, उघडा,
गावभरच्या गालांवरून फिरून गुळगुळीत झालेला.
दुसरा तंबाखूच्या चपट्या डबीत.
तो फक्त सुपडूकाकांचा.

सुपडूकाका केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जायचे
आणि दर खेपेला थोडे कमी होऊन परत यायचे.
एका वर्षी त्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला
आणि गावाला कळलं. कसं, ते विचारू नका,
गावाला कळतं.
बाकावरचे लोक उठून समोरच्या सलूनमध्ये गेले.
अप्पांनी नवं ब्लेड काढलं, अर्धं मोडलं,
दाढी केली, डबीतला खडा ओला केला,
आणि जिथं रक्त आलं नव्हतं तिथंही
सावकाश फिरवला.

मी तेव्हा सातवीत.
आता मी माकडांच्या रक्ताच्या नळ्या मोजते.
त्यांचा विषाणू आपल्या त्या विषाणूचा चुलतभाऊ.
लस नुसती टोचली तर शरीर ढुंकूनही बघत नाही,
सोबत काहीतरी खुपणारं द्यावं लागतं,
दाराची कडी वाजवणारं.

एका गटाला दिला तेलाचा दुधाळ थेंब.
दुसऱ्याला तुरटीच्याच भावकीतला पांढरा क्षार,
शंभर वर्षांचा जुना, कुणी फारसं न विचारणारा.
तेलवाल्यांची प्रतिपिंडं अशी चढली
की आलेखाला कागद पुरेना. आम्ही पेढे वाटले.
मग दर आठवड्याला विषाणूचा एक घोट.
तेलवाली आजारी पडली, लस न घेतलेल्यांइतक्याच लवकर.
तुरटीवाली टिकली.
सगळी नाही. काही.
हा ‘काही’ मी तीन वेळा तपासला.

मे महिना, शेचाळीस अंश.
ओट्यावर पाणी मारून अप्पांना हे सांगत होते.
ते म्हणाले,
‘बागात रातभर आरोया मारनारा राखनदार
पहाटे झोपतो, पोरी.’
नाही अप्पा, त्याहून वाईट.
हा चोर राखणदाराच्याच सदऱ्यात राहतो.
जितके जास्त जागे कराल
तितके सदरे त्याला मोकळे.
अप्पा गप्प.
मग म्हणाले, ‘रांजनात तुरटी जोरानं ढवयली
तं पानी निवयत नाही. दोन येढे. बस.’
आमच्या साहेबांना हेच सांगायला
चोवीस पानं लागली होती,
आणि तरी शेवटी लिहावं लागलं,
अधिक अभ्यासाची गरज आहे.

अप्पा आत गेले. डबी घेऊन आले.
खड्याच्या कडा अजून धारदार,
एकाच माणसाचे गाल त्याला मिळाले होते.
मी म्हटलं, यात काही उरत नाही अप्पा,
तेव्हाही उरत नसणार. नवं ब्लेड होतं ना, पुरे होतं.
‘मले माहीत होतं. फैजपूरच्या डॉक्टरनं सांगलं होतं.’
मग वेगळा खडा कशाला?

‘लोकायले दाखवाले.
डबी दिसली, तं चार जन बाकावर वापस आले.
दुकान चाललं. त्याची दाढीबी चालली.’

म्हणजे तो खडा सुपडूकाकांसाठी नव्हताच.
गावाला टोचलेला होता,
थोडासा, सोसेल इतका.
मी हसणार होते. सांगणार होते की अप्पा,
तुम्हीच खरे शास्त्रज्ञ, वगैरे.

पण ते डबीचं झाकण
उघडत होते, लावत होते.
खूप वेळानं, माझ्याकडे न बघता, बोलले,
‘त्यालेबी दिसेच ना, डबी.’